आपल्याच संघाच्या चाहत्यांमध्ये बसून काढलेला हंगाम : टोरोंटोच्या बेसबॉलचा अनुभव

टोरोंटो ब्लू जेज या बेसबॉल संघाच्या २०२५ च्या हंगामी तिकिटांत आमच्या कुटुंबाने भागीदारी घेतली आणि मार्चच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रात्रीपर्यंत हा संघ आम्ही कधी मैदानात तर कधी घरी बसून पाहिला. टोरोंटोजवळच्या मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधली काही मराठी कुटुंबे आता अशी भागीदारी घेण्याचा विचार करत आहेत. भेट झाली की खर्च किती येतो, परतीची गाडी किती वाजेपर्यंत असते, मुलांना नेता येते का, असे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु ज्या गोष्टीचा मला या हंगामात सर्वांत जास्त त्रास झाला, तिच्याविषयी मला आधी कोणीही सावध केले नव्हते, आणि ती गोष्ट म्हणजे आपल्याच संघाचे अविवेकी चाहते. विरुद्ध संघाच्या चाहत्याने डिवचले तर ते खेळाचा भाग म्हणून सोडून देता येते. पण आपल्यासारखाच निळा सदरा घालून शेजारी बसलेला माणूस जेव्हा आपल्याच खेळाडूंना अडीच-तीन तास शिव्या घालतो, तेव्हा आपण आणि तो एकाच बाजूचे आहोत हे मनाला पटवणे फार अवघड जाते.

आम्हांला ही जागा मिळाली तीही अशाच एका चाहत्याच्या संतापामुळे. २०२४ च्या हंगामात ब्लू जेजने ७४ सामने जिंकले, ८८ गमावले आणि आपल्या गटात ते तळाशी राहिले. त्यानंतरच्या हिवाळ्यात वान सोटो हा मोठा फलंदाज टोरोंटोला येईल अशी आशा होती, तो डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. जानेवारीत जपानचा तरुण पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) रोकी सासाकी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. त्याआधीच्या वर्षी तर शोहेई ओहतानी येणार या अफवेवर हजारो लोक ८ डिसेंबर २०२३ रोजी कॅलिफोर्नियाहून टोरोंटोकडे निघालेल्या एका खासगी विमानाचा मार्ग इंटरनेटवर तासन्‌तास पाहत बसले होते, आणि विमानातून उतरले ते एक कॅनेडियन उद्योगपती. सासाकीची बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका काकांच्या गटातून एका भागीदाराने अंग काढून घेतले. या व्यवस्थापनाला एक डॉलरही देणार नाही, असे त्याने त्यांना कळवले होते. काका १९८० च्या दशकापासून इथे आहेत, संघाचे जुने एक्झिबिशन स्टेडियम त्यांनी पाहिलेले आहे, आणि तिकिटांचे खाते त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी मला फोन करून विचारले, "येतोस का? पण एक सांगतो, संघ कसाही खेळला तरी वर्षभर यायचं. मध्येच रुसायचं नाही." मी हो म्हटले.

आता व्यवहाराचे तपशील. प्रत्येक संघाचे घरच्या मैदानावर ८१ साखळी सामने होतात, आणि एका कुटुंबाला एवढे सामने पाहणे शक्य नसल्यामुळे लोक चौघांत किंवा पाच जणांत मिळून दोन किंवा चार आसने घेतात. आमची आसने सर्वांत वरच्या मजल्यावर, पहिल्या बेसच्या (धाव पूर्ण करताना फलंदाजाला गाठाव्या लागणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या) बाजूला होती आणि माझ्या वाट्याला एका आसनामागे दर सामन्याला साधारण तीस डॉलर खर्च आला. क्लबला पैसे एकरकमी किंवा मासिक हप्त्यांनी देता येतात, मात्र क्लबच्या दृष्टीने खातेदार एकच असतो. त्यामुळे आम्ही तिघांनी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकांच्या बँक खात्यात पैसे पाठवायचे ठरवले. काकांचा आग्रह होता की हे सर्व एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात, आणि जो कोणी अशी भागीदारी करील त्याला मीही हेच सांगेन. आमच्या कागदावर सामने कोणत्या क्रमाने निवडायचे, एखादा सामना जमला नाही तर तिकीट आधी गटात विचारून मगच बाहेर विकायचे, कोणी हंगामाच्या मध्यात सोडून गेल्यास पैसे परत मिळणार नाहीत आणि संघ बाद फेरीत पोहोचल्यास त्या सामन्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करायचे, अशी कलमे होती. फेब्रुवारीत आम्ही ते शेवटचे कलम लिहिले तेव्हा चौथा भागीदार म्हणाला की याची गरजच पडणार नाही. काकांनी ते कलम खोडू दिले नाही.

सामन्यांची निवड आम्ही काकांच्या घरी वेळापत्रक समोर ठेवून, पाळीपाळीने केली. मी शक्यतो रविवारचे दुपारचे सामने घेतले, कारण ते साधारण १ वाजून ३७ मिनिटांनी सुरू होतात, संध्याकाळपर्यंत घरी येता येते आणि गर्दीत कुटुंबे जास्त असतात. मंगळवारी एका डॉलरला एक हॉट डॉग मिळतो. त्या रात्री गर्दी तरुण आणि गोंगाटी असते, तेव्हा लहान मुलांना पहिल्यांदाच नेत असाल तर ती रात्र टाळावी. गाडीने जाऊ नये. मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेनने (उपनगरी रेल्वेने) युनियन स्थानकावर उतरले की छताखालच्या पादचारी मार्गाने थेट रॉजर्स सेंटर या संघाच्या मैदानाला पोहोचता येते. शनिवार-रविवारी दिवसभराचा पास दहा डॉलरला मिळतो आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. आम्ही धपाटे आणि चिवडा घरून नेत असू आणि कोणी अडवले नाही, पण पिशवीचे आणि डब्यांचे नियम दर हंगामाच्या आरंभी एकदा वाचून घ्यावेत. तिकिटे फक्त मोबाइलवर असतात, म्हणून घरून निघतानाच ती सर्वांच्या फोनवर वर्ग करून ठेवावीत.

हंगामाचा पहिला सामना २७ मार्चला बाल्टिमोर ओरिओल्सशी झाला आणि ब्लू जेज तो १२-२ असा हरले. त्या दिवशीची चिठ्ठी आमच्या नावाने निघाली होती. नऊ इनिंगांपैकी (पाळ्यांपैकी) चौथ्या-पाचव्या इनिंगपासूनच आमच्या मागच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली आणि सातव्या इनिंगनंतर लोक उठून जाऊ लागले. जाताना एक जण मोठ्याने म्हणाला की हे वर्ष संपले. एका हंगामात १६२ सामने असतात, आणि त्यांतला हा पहिला होता. बेसबॉलची रचनाच अशी आहे की उत्तम संघसुद्धा वर्षातून साठ-सत्तर सामने हरतो, आणि दहांपैकी सात वेळा बाद होणारा फलंदाज अव्वल दर्जाचा समजला जातो. जो खेळ दीर्घ पल्ल्याच्या सरासरीवर उभा आहे, त्यातल्या एका रात्रीवरून जो माणूस मॅनेजरची (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाची) हकालपट्टी मागतो, तो नेमके काय पाहायला आलेला असतो, हे मला खरोखर समजत नाही.

हा दोष काही टोरोंटोच्या हवेत नाही. मी दादरला वाढलो, आणि २००६ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा वानखेडेवरच्या काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, याची लाज मला आजही वाटते. २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याच मैदानावर मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला तेव्हा मुंबईच्याच चाहत्यांनी इतका गलका केला की संजय मांजरेकरांना त्यांना नीट वागायला सांगावे लागले. आणि जुलैच्या ४ तारखेला, विश्वचषक जिंकून आल्यावर, तिथेच त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या तीन महिन्यांत हार्दिक बदलला नव्हता. टोरोंटोत बसून हे सगळे पुन्हा दिसू लागले तेव्हा माझी पहिली भावना आश्चर्याची नव्हती, थकव्याची होती.

एप्रिल आणि मे हे महिने कठीण गेले. व्लादिमीर गरेरो ज्युनियरने एप्रिलमध्येच चौदा वर्षांचा, ५० कोटी अमेरिकी डॉलरचा करार केला होता, पण त्याचे होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) येत नव्हते. नव्याने आणलेल्या फलंदाजांचे हात चालत नव्हते. जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांचा आकडा बराच काळ एकमेकांच्या आसपास घुटमळत होता. हुर्यो कानाला सवयीची झाली होती. मात्र मे महिन्यातल्या एका रात्री आमच्या मागे बसलेल्या माणसाने आमच्याच संघातल्या, व्हेनेझुएलातून आलेल्या एका खेळाडूला उद्देशून, तू जिथून आलास तिथे परत जा, असे पुन्हा पुन्हा ओरडायला सुरुवात केली. माझी मुलगी आणि पत्नी शेजारी होत्या. आमच्या रांगेत आम्ही, एक फिलिपिनो जोडपे आणि एक गयानाचे आजोबा होते. त्या वाक्याचा अर्थ आम्हां सर्वांना सारखाच लागला. फलंदाजी वाईट झाली म्हणून चिडणे वेगळे आणि हे वेगळे.

अशा वेळी काय करता येते, ते सविस्तर सांगतो, कारण पुष्कळांना ते माहीत नसते. त्या माणसाशी वाद घालू नये. प्रत्येक विभागाच्या वरच्या टोकाला आसनव्यवस्था पाहणारे कर्मचारी उभे असतात. त्यांच्याकडे जाऊन विभाग, रांग, आसनक्रमांक आणि ऐकलेले नेमके शब्द सांगावेत. उठून जाणे शक्य नसेल तर मोबाइलवरून संदेश पाठवण्याची सोय असते आणि तिच्यात नाव द्यावे लागत नाही. प्रेक्षकांच्या वर्तनाचे नियम लेखी असतात, त्यांत वंश किंवा मूळ देशावरून केलेली शेरेबाजी स्पष्टपणे बसते, आणि तिकीटधारकाला बाहेर काढण्याचा अधिकार मैदानाकडे असतो. मी सांगितल्यावर दोन इनिंग उलटल्या, मग दोघे जण आले, त्या माणसाशी बोलले आणि त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी खातेदार म्हणून क्लबच्या सदस्य-प्रतिनिधीला मेल लिहिला, ज्यात घडलेला प्रकार, वेळ आणि इनिंग नोंदवली होती, आणि आसने बदलून मिळतील का, अशी विचारणा केली. पोच लगेच आली. प्रत्यक्ष उत्तर मिळायला काही आठवडे लागले आणि ते असे होते की चालू हंगामात त्या किमतीची शेजारशेजारची आसने शिल्लक नाहीत, परंतु हिवाळ्यात आसनबदलाची मुदत उघडते तेव्हा ही नोंद लक्षात घेतली जाईल. असा मेल खातेदाराच्याच पत्त्यावरून गेला पाहिजे. भागीदाराने स्वतःच्या पत्त्यावरून लिहिले तर ती नोंद आसनांच्या खात्याशी जोडली जात नाही.

मग संघ जिंकू लागला. ३० जूनपासून गटातल्याच न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचे चारही सामने ब्लू जेजने जिंकले आणि १ जुलैला, कॅनडा दिनी, जॉर्ज स्प्रिंगरने दोन होमरन मारून सात धावा वसूल केल्या. २०२४ मध्ये स्प्रिंगरची फलंदाजीची सरासरी .२२० (म्हणजे दर हजार प्रयत्नांत २२० यशस्वी फटके) होती, आणि त्याचा उरलेला पगार देऊन त्याला घरी बसवावे, हे मी माझ्या विभागातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकले होते. या हंगामाअखेर ती .३०९ वर पोहोचली आणि त्याच्या नावावर ३२ होमरन जमा झाले. त्याला घरी बसवा म्हणणारे लोक आता उभे राहून त्याच्या नावाचा गजर करत होते. मला त्यांचा आनंद खुपला नाही, उलट तो आनंद आपल्या सर्वांचा होता. मला एवढेच वाटत राहिले की ज्या माणसाला आपण काल इतके टाकून बोललो, त्याच्याविषयी एखादा शब्द तरी त्यांच्या तोंडून निघावा.

सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात यांकीजवरची आघाडी आटत गेली आणि जुने हिशेब पुन्हा निघाले. सर्वांत जुना हिशेब ४ ऑक्टोबर २०२३ चा आहे. मिनेसोटातल्या त्या बाद फेरीच्या सामन्यात होसे बेरिओस उत्तम पिचिंग करत असताना मॅनेजर जॉन श्नायडर यांनी त्याला चौथ्या इनिंगमध्ये काढून युसेई किकुचीला आणले, सामना २-० असा गेला आणि संघ स्पर्धेबाहेर पडला. तो निर्णय मलाही पटला नव्हता. पण त्या दोन सामन्यांच्या मालिकेत टोरोंटोच्या फलंदाजांनी मिळून एकच धाव केली होती. पिचर कोणताही असो, शून्य धावांवर सामना जिंकता येत नाही, एवढी साधी गोष्ट शेजारच्या रांगेतल्या एका गृहस्थांना मी सांगितली, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही नवीन आहात, तुम्हांला कळायचे नाही. काका मागून म्हणाले, "मी नवीन नाही. त्याचं बरोबर आहे." २८ सप्टेंबरला, साखळीच्या शेवटच्या दिवशी, संघाने टँपा बेला १३-४ असे हरवले, यांकीजचेही ९४ विजय झाले होते, पण आपसांतल्या सामन्यांत ब्लू जेज सरस ठरल्यामुळे गटविजेतेपद टोरोंटोला मिळाले.

बाद फेरीच्या तिकिटांचे देयक त्याआधीच आले होते. हंगामी सदस्यांना आपल्या आसनांवर प्रथम हक्क असतो, मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत होकार आणि पैसे द्यावे लागतात, आणि जे सामने होणार नाहीत त्यांची रक्कम परत मिळते किंवा पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होते. दर प्रत्येक फेरीला वाढत जातात, म्हणून ही रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी. आम्हांला ती एकदम उभी करताना दिवाळीचा बराचसा खर्च पुढे ढकलावा लागला. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला सिअॅटलविरुद्धच्या उपांत्य मालिकेचा दुसरा सामना आणि, तिथवर मजल गेलीच तर, जागतिक मालिकेचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सहावा सामना आला. बाहेरच्या बाजारात जागतिक मालिकेच्या एका आसनाचा भाव हजार डॉलरच्या पुढे गेला तेव्हा चौथ्या भागीदाराला आपली तिकिटे विकायचा मोह झाला, आणि त्या वेळी फेब्रुवारीतला तो कागद कामी आला.

सिअॅटलविरुद्ध घरचे पहिले दोन्ही सामने संघ हरला. दुसऱ्या सामन्यात, १०-३ अशा पराभवाच्या शेवटी, वरचा मजला अर्धा रिकामा झाला होता. पुढे १७ ऑक्टोबरला पाचव्या सामन्यात श्नायडर यांनी आठव्या इनिंगमध्ये ब्रेंडन लिटलला आणले, आघाडी गेली, सिअॅटलने ग्रँड स्लॅम (सर्व बेस भरलेले असतानाचा होमरन) मारला, आणि त्या शनिवारी आमच्या इथल्या किराणा दुकानापासून मुलीच्या पोहण्याच्या वर्गापर्यंत मला एकच वाक्य ऐकू आले की या माणसाला विमानतळावरच काढून टाकायला हवे होते. सोमवारी रात्री स्प्रिंगरच्या तीन धावांच्या होमरनने सातवा सामना ४-३ असा जिंकला आणि १९९३ नंतर प्रथमच संघ जागतिक मालिकेत गेला. मंगळवारी तोच श्नायडर कसा धीराचा, याची वर्णने तिथेच सुरू होती.

३१ ऑक्टोबरचा सहावा सामना आम्ही मैदानात पाहिला. डॉजर्सविरुद्धच्या मालिकेत ब्लू जेज ३-२ असे पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये अॅडिसन बार्जरने मारलेला चेंडू मैदानाच्या भिंतीच्या तळाशी अडकला, त्यामुळे धावपटूंना दोनच बेस मिळाले. मग एक झेल घेतला गेला, अशा वेळी धावपटूला आपल्या बेसवर परतावे लागते, पण चेंडू दुसऱ्या बेसवर आला तोवर बार्जर परत पोहोचू शकला नाही आणि ब्लू जेज तिथेच ३-१ असे हरले. हा शेवट लक्षात ठेवायला हवा, कारण दुसऱ्या रात्रीची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. सातवा सामना आम्ही काकांच्या घरी पाहिला. नवव्या इनिंगमध्ये जेफ हॉफमनच्या चेंडूवर मिगेल रोहासने बरोबरीचा होमरन मारला. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात सर्व बेस भरलेले असताना तिसऱ्या बेसवरून धावलेला आयझाया काइनर-फलेफा होम प्लेटवर (धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्यावर) अगदी थोडक्यात बाद झाला, आणि अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सने ५-४ असा विजय मिळवला.

सोमवारी ऑफिसात पोहोचलो तोवर दोषी कोण ते ठरले होते. काइनर-फलेफा तिसऱ्या बेसला चिकटून उभा होता, दोन पावले पुढे असता तर आपण विजेते झालो असतो, असे सर्व जण सांगत होते, आणि त्याच्याविषयी वापरलेले शब्द मी इथे लिहू शकत नाही. सातव्या सामन्याच्या आदल्याच रात्री बेसपासून पुढे गेलेला धावपटू झेलानंतर बाद होऊन सामना संपला होता. तिसऱ्या बेसवर तशीच चूक झाली असती तर इनिंग जागच्या जागी संपली असती, आणि बेसजवळ राहण्याची सूचना प्रशिक्षकांचीच होती, हे त्याने नंतर सांगितले. मी हे समजावण्याचा प्रयत्न केला, एकाने ऐकून घेतले. आदल्या वर्षी गटात तळाला असलेला संघ जगज्जेतेपदापासून काही इंचांवर आला होता, आणि त्या संपूर्ण हंगामातून लोकांना वाटून घ्यायला एक अपराधी सापडला, याचे मला पराभवापेक्षा जास्त दुःख झाले.

नूतनीकरणाचे पत्र आले तेव्हा जुन्या भागीदाराने परत येण्याची इच्छा कळवली. काकांनी त्याला नम्रपणे नाही म्हटले. मे महिन्यातल्या त्या मेलचा संदर्भ देऊन आम्ही आसनबदलासाठी अर्ज केला. आसनबदलाची वेळ सदस्यत्वाच्या ज्येष्ठतेनुसार ठरते आणि काकांची वर्षे जास्त असल्यामुळे आमचा क्रमांक बऱ्यापैकी लवकर लागला. निवड करताना ऑनलाइन नकाशा समोर उघडा ठेवून प्रतिनिधीशी फोनवर बोलावे आणि आपल्याला विभागाच्या मध्यावर हवे की कडेला हे आधीच ठरवून ठेवावे, कारण त्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूची, जिन्यालगतची आणि कर्मचाऱ्यांच्या जागेपासून जवळची आसने घेतली. दर सामन्याला तीन डॉलर जास्त पडतात. ज्या फिलिपिनो जोडप्याने त्या रात्री माझ्या तक्रारीला दुजोरा दिला होता त्यांनाही आम्ही कळवले, आणि त्यांनी आमच्या मागच्या रांगेतली दोन आसने घेतली आहेत.